फरकाची बैठक

सरकारी परिपत्रक ऐकायला माणसं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येतात, हे मी आयुष्यात एकाच घरी पाहिलं. ते घर नाना मोघ्यांचं. बनारसला मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्या. वर्षातल्या एका रविवारी तिथे एकोणीस म्हातारी माणसं जमायची आणि आपल्या आरोग्य विम्यात यंदा काय काय बदललं ते ऐकायची. बदललं म्हणजे कमी झालं. नव्वदच्या दशकातली जी काही वर्षं मी त्या बैठकीला हजर होते, त्यांत एकदाच काहीतरी वाढलेलं पाहिलं, आणि ते वाढलेलंच शेवटी नानांच्या मुळावर आलं.

मी त्यांच्याच ऑफिसातली टायपिस्ट. माहेर जबलपूरचं, लग्न होऊन ब्रह्मा घाटावर आलेली. ऑफिस एका सरकारी कंपनीचं. नाना तिथून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. कंपनीने निवृत्त लोकांसाठी विमा काढलेला होता. आजारपणातला अस्पतालचा खर्च तो देई, पण दर वर्षी फॉर्म भरून पुढे चालू ठेवावा लागे, आणि दर वर्षी दिल्लीच्या मुख्य कार्यालयाकडून नव्या नियमांचं सर्क्युलर येई. ते नानांच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. एक तर मी त्यांच्या वाटेवर राहत होते, आणि दुसरं म्हणजे बाकी कोणाला त्याची पडलेली नव्हती.

नाना बुटके, काटक, डोक्यावर करड्या केसांचा बारीक कट. घरात पंचा, बाहेर पँट आणि वर बंद गळ्याचा कोट, तोही मे महिन्यात. चिडके होते. त्यांच्या समोर ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कोणी म्हणालं, "नाना, चश्म्याचा खर्च बहुतेक मिळेल," की ते ताडकन उठून बसत.

"बहुतेक म्हणजे काय? कोणत्या कलमात लिहिलंय ‘बहुतेक’? मिळेल की नाही, एवढंच बोल. फालतू झंझट नको."

ऑफिसात असताना तर ते मॅनेजरच्या पत्रातली ‘प्रायः’ आणि ‘संभवतः’ खोडून पत्र परत पाठवत. मॅनेजर त्यांना मागे शिव्या घालत आणि पुढे "मोघेजी, ज़रा देख लीजिए" म्हणत. मलाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात एका ओळीसाठी अख्खं पान तीनदा टाइप करायला लावलं होतं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं होतं, हा म्हातारा निवृत्त होतोय तेच बरं.

तर ती बैठक. तिची रीत समजायला नानांचं लहानपण थोडं सांगायला हवं. ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठशाळेत त्यांनी सात वर्षं संथा घेतली होती. गुरुजींनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा म्हणायचं, अक्षर न् अक्षर तोंडात बसेपर्यंत. पोथी हातात धरली तर पाठीत बसे, कारण पोथीत बघणाऱ्याचं पाठांतर कच्चं. वडील अचानक गेले, काकांनी उचलून इंग्रजी शाळेत घातलं आणि वैदिक व्हायचा मुलगा हेडक्लार्क झाला. वेद सुटले, पण पाठ करायची सवय गेली नाही. सर्क्युलर आलं की चार दिवसांत ते नानांना तोंडपाठ होई.

काकू, म्हणजे नानांची बायको, त्याच घाटावरच्या एका वैदिकाची मुलगी. मुलींना कोणी शिकवत नसे. पण स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, आणि बाहेर ओसरीवर एखादा मुलगा चुकला की आतून त्यांचा आवाज येई, "थांबा." वडील आधी रागवत, मग विचार करत, मग त्या मुलाला परत म्हणायला लावत. नाना मला हसत सांगायचे, "त्या मुलांत मीपण होतो. मला हिने आतून पाचदा थांबवलंय. म्हणूनच म्हटलं, लग्न करून टाकावं. बाहेरून ओरडण्यापेक्षा घरात ओरडेल."

बैठकीत नाना भिंतीला टेकून, डोळे मिटून गेल्या वर्षीचं सर्क्युलर म्हणत. हातात कागद नसे. त्यांच्या डाव्या हाताला काकू नवं सर्क्युलर समोर धरून बसत आणि त्यांचं म्हणणं त्याच्याशी ताडून बघत. कलम जुळलं की "पुढे". कुठे एक शब्द जरी इकडचा तिकडे असला की "थांबा". मग नाना डोळे उघडत, काकू नवं वाक्य मोठ्याने वाचत आणि नाना त्याचा अर्थ सगळ्यांना सोप्या हिंदीत सांगत. त्यानंतर खोलीत एक सुस्कारा निघे. सोबतच्या माणसाचं भाडं गेलं. सुस्कारा. दातांचं गेलं. सुस्कारा. वैद्याची औषधं गेली, तेव्हा मच्छोदरीचे पांडेजी, आमच्या ऑफिसचे जुने दफ्तरी, म्हणाले, "ए नाना, अब ई बताइए कि बीमार पड़े क हक बचल बा कि उहो गइल?" सगळे हसले. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "आहे पांडेजी. कलम चार. अभी तक है."

सगळं सर्क्युलर हिंदीत असे, सरकारी हिंदीत, आणि नाना ते म्हणताना नकळत एक चाल लागे. वाक्याच्या शेवटी आवाज खाली, मध्ये हलकासा चढ. मला पहिल्या वर्षी हसू आवरेना. काकूंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

एकदा उन्हाळ्यात माकडाने ते सर्क्युलर पळवलं. मंगला गौरीची माकडं म्हणजे गल्लीची जहागीर सांभाळणारी. खिडकीतून हात घातला, कागद उचलला, समोरच्या कठड्यावर बसून आधी वास घेतला, मग पानं एकेक करून फाडून खाली सोडली. नेमकी त्याच आठवड्यात पांडेजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनची फाइल अडली होती आणि ती प्रत जोडायची होती; ऑफिसात तेव्हा दुसरी प्रत येत नसे. मी कपाळाला हात लावला. नाना म्हणाले, "रडतेस कशाला? मशीन आण." मी ऑफिसातून टाइपरायटर रिक्षात घालून आणलं. नाना भिंतीला टेकून बसले आणि चौदा पानं सांगत गेले. महिन्याने दिल्लीहून खरी प्रत आली. काकूंनी ताडून पाहिली. एकच चूक निघाली, आणि ती माझ्या टायपिंगची होती.

ही गोष्ट मी ऑफिसात, घाटावर, माहेरी, सगळीकडे सांगितली. नानांची स्मरणशक्ती हा आमच्या गल्लीचा अभिमान झाला. आता वाटतं, मी ती इतकी मिरवायला नको होती.

आता त्या वाढलेल्या गोष्टीचं सांगते. सर्क्युलर गणपतीच्या आसपास येई, फॉर्म आठवडाभर मागून, आणि मुदत नेमकी पितृपक्षात संपे. फॉर्मवर एक रकाना होता: मृत्यूनंतर हक्क कोणाला. पितृपक्षात, पितरांचं जेवणखाण चाललेलं असताना, स्वतःच्या मरणाच्या रकान्याखाली सही करायची? आमच्याकडच्या बायका तयार होत नसत आणि पुरुष बायकांचं नाव पुढे करून स्वतःही मागे सरत. घटस्थापनेला सही करू म्हणत. नानांचा स्वतःचा यावर काही फारसा विश्वास नव्हता. पण दर वर्षी कोणा ना कोणाचा फॉर्म उशिरा जाई आणि परत येई, आणि विमा एकदा तुटला की पुन्हा नव्याने घ्यावा लागे. नव्या विम्यात जुने आजार धरत नसत. म्हाताऱ्या माणसाकडे जुन्या आजारांखेरीज असतं काय?

नाना दिल्लीला लिहीत राहिले. दोन वर्षं लिहीत होते. कधी विनंती, कधी भांडण. आणि एका वर्षी काकूंनी अकराव्या कलमाला "थांबा" म्हटलं आणि पुढे वाचताना त्यांचाच आवाज अडखळला. नवी ओळ आली होती: ‘स्थानीय प्रथा को देखते हुए तीस दिन तक का विलंब क्षम्य होगा।’ सबंध देशभरच्या त्या सर्क्युलरात आमच्या घाटावरची एक ओळ. पांडेजींनी नानांना उचलायचा प्रयत्न केला, तो फसला आणि दोघंही खाली बसले. काकूंनी सगळ्यांना साखर वाटली.

तेव्हापासून अकरावं कलम नाना वेगळ्याच आवाजात म्हणत. छाती किंचित पुढे येई. मंडळी त्याला ‘नानांचं सूक्त’ म्हणून चिडवायची. पुढची तीन वर्षं ती ओळ तशीच राहिली. एकोणीस फॉर्म घटस्थापनेच्या सकाळी नानांच्या घरी सही होत आणि दुसऱ्या दिवशी मी ते पोस्टात टाकत असे.

त्यानंतरच्या वर्षी काकूंच्या हृदयाची झडप निकामी व्हायला आली. आधी जिना चढताना दम लागे, मग बोलतानाही लागायला लागला. आमच्या डॉक्टरांनी लखनौला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून झडप बदलता येईल, दिवाळीनंतरची तारीख देतो. नानांनी विम्याचा कागद पुढे केला, त्यांनी तो पाहिला, मान हलवली. विमा होता म्हणून ती तारीख मिळाली. परत आल्यावर नाना मला म्हणाले, "कलम चार, पोटकलम दोन. हृदयाचं ऑपरेशन, पूर्ण खर्च. मी गेली अकरा वर्षं हे म्हणतोय. पहिल्यांदा घरच्यासाठी कामाला आलं." त्यांच्या बोलण्यात त्या दिवशी काळजी कमी आणि कौतुक जास्त होतं. काकू आत कॉटवर उशांना टेकून होत्या. म्हणाल्या, "बघ, माझं दुखणंसुद्धा यांना कलमातून समजतं."

त्या वर्षीचं सर्क्युलर उशिरा आलं. दिल्लीला कॉम्प्युटर बसवला होता. पूर्वी बदललेल्या ओळींखाली रेघ मारलेली असे, आता सगळा मजकूर एकसारखा, ठिपक्याठिपक्यांचा, फिक्कट. मी ते थेट बैठकीच्या रविवारीच, मंडळी जमलेली असताना, घेऊन गेले तेव्हा काकूंना दोन शब्दांपलीकडे बोलवत नव्हतं. तरी त्या उठून बसायला निघाल्या. नानांनी दटावलं. "तू पडून राहा. ही बसेल तुझ्या जागी."

मी बसले. मला वाटलं, नवं सर्क्युलर माझ्या हाती देतील आणि नेहमीसारखे डोळे मिटतील. पण नाना म्हणाले, "नको. एकदम फिक्कं छापलंय. तुझ्या हातून एखादं अक्षर सुटायचं. नवं मी वाचतो, तू जुनं धर." मला जरा राग आला. इतकी वर्षं येतेय, एक कागद बघता येणार नाही मला? पण त्यांच्याशी वाद कोण घालणार. मी गेल्या वर्षीची प्रत मांडीवर घेतली.

नाना वाचायला लागले. कलम एक जुळलं. "पुढे," मी म्हटलं. तिसऱ्यात दोन शब्द बदललेले निघाले. "थांबा." पाचव्यात एक यादी कमी झाली होती. सुस्कारा. सगळं ठीक चाललं होतं. दहावं संपलं आणि नानांची छाती किंचित पुढे आली.

"स्थानीय प्रथा को देखते हुए..."

आतून काकूंचा आवाज आला. "थांबा."

नाना उठले, आत गेले. भांड्याचा आवाज झाला. पाणी पाजून, उशी सारखी करून बाहेर आले. बसताना म्हणाले, "कोरड पडते तिला." आणि कलम पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. ‘स्थानीय प्रथा को देखते हुए तीस दिन तक का विलंब क्षम्य होगा।’ माझ्या मांडीवरच्या कागदात शब्द न् शब्द तोच होता.

"पुढे," मी म्हटलं.

पांडेजी म्हणाले, "चलीं, नाना क सूक्त त बच गइल." बाराव्यात बिलांच्या मंजुरीचं काहीतरी होतं, तेराव्यात पत्ते. चहा झाला. सगळे जिना उतरून गेले. पितृपक्ष बसला, संपला. घटस्थापनेला एकोणीस फॉर्मांवर सह्या झाल्या, नानांच्या फॉर्मवरची काकूंची सही कॉटवर झाली. मी पाकीट रजिस्टर केलं.

ते पाकीट कार्तिकात परत आलं. मी ऑफिसात फोडलं. वर एकच छापील कागद होता: मुदत संपल्यानंतर मिळाल्याने अस्वीकृत, इच्छुकांनी नवीन विमा घ्यावा, नियम अकरा पाहावा. मी कपाटातून सर्क्युलरची ऑफिसची प्रत काढली आणि अकरावं कलम वाचलं. ‘स्थानीय प्रथा के आधार पर कोई विलंब क्षम्य नहीं होगा।’

पहिले दोन शब्द तेच होते. नानांच्या डोळ्यांनी ते दोन शब्द पाहिले आणि तोंडाने पुढचं स्वतःचंच म्हटलं. नवा कागद हातात धरून त्यांनी जुनं कलम म्हटलं, मी ते जुन्याशी ताडून पाहिलं. ते जुळणार नाही तर काय होईल? काकूंच्या रीतीत नवा कागद बघणारा गप्प असे, म्हणून चूक सापडे. आम्ही दोघांनी मिळून ती रीतच उलटी केली आणि कळलंही नाही.

नानांना सांगायला मी त्या संध्याकाळी गेले. त्यांनी कागद हातातून घेतला आणि खिडकीपाशी नेऊन वाचला. ओरडतील असं वाटलं होतं. ते आत काकूंच्या कॉटपाशी गेले. मी दारात होते.

"त्या दिवशी तू थांबा म्हणालीस," ते म्हणाले. "कशाला म्हणालीस?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पूर्ण वाक्य बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

"पाणी हवं होतं हो."

काकूंनी तेव्हा खरं सांगितलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. नाना वाचत असले की आवाज कोरडा असे आणि म्हणत असले की चाल लागे, हा फरक भिंतीआडून ओळखणारी बाई ती. पाच वेळा आतून नवऱ्याला थांबवलेली. पण तहानही लागलेली असू शकते माणसाला. नानांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाना घरोघर गेले. मी म्हटलं, पत्र टाकते, कशाला जाता. म्हणाले, "पत्र काय टाकतेस. वाचलं मी होतं." तोच कोट, तेच बूट. अठरा घरं. काहींनी समजूत घातली, काहींनी ‘आमचं नशीब’ म्हटलं. एका बाईने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि आत निघून गेली. पांडेजींकडे मी सोबत होते. त्यांची साखर तेव्हा वाढलेली होती, एका पायाला जखम होती. नानांनी सगळं सांगितलं. पांडेजींसारखा बोलका माणूस, पण त्यांनी नुसतं विचारलं, "आप त पढ़ले रहलीं न, नाना?" नानांनी मान हलवली. पांडेजींनी हळूच दार लावून घेतलं. परत येताना नाना गल्लीत दोनदा चुकले, जन्म गेला होता त्या गल्ल्यांत.

दिल्लीला पत्रं गेली. नानांनी त्यांत चूक आपली आहे असं लिहिलं, इतरांना शिक्षा नको असं लिहिलं. मी टाइप केली. ‘प्रायः’ आणि ‘संभवतः’ कुठेच नव्हतं. उत्तर आलं ते फक्त पत्र मिळाल्याचं. मॅनेजरला मी म्हटलं, फॉर्म वेळेत मिळाले होते असं आपण लिहून देऊ. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा बोलले नाही. पोस्टाचा शिक्का काय खोटं बोलणार होता? लखनौची तारीख आली आणि गेली. नानांचं स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं, मूलबाळ नव्हतं, हात पसरावा असा सोयरा नव्हता. काकू माघात गेल्या. शेवटचे आठ दिवस नाना कॉटजवळ बसून होते आणि त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. कोणी म्हटलं, नाना, काही स्तोत्र म्हणा, तिला बरं वाटेल. ते म्हणाले, "नको. चूक होईल."

पुढच्या वर्षी सर्क्युलर आलं तेव्हा मी ते घेऊन गेले. ते त्यांनी हातात घेतलं नाही. "दुसऱ्या कोणाला दे," म्हणाले. दुसरं कोणी नव्हतं. बैठक झाली नाही. कोणी विचारायलाही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच जणांनी विम्याचा नादच सोडला होता. मी ऑफिसातल्या टेबलावर ते एकटीनेच वाचलं, बोट ठेवून. मुदत याही वर्षी पितृपक्षात संपत होती. नानांचा नवा फॉर्म मी भरला, आणि सहीसाठी ब्रह्मा घाटापासून बालाजी घाटापर्यंत त्यांना शोधत गेले.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. पुढच्याच महिन्यात आमची बदली इलाहाबादला झाली. त्या दिवशी अविधवा नवमी होती, सवाष्ण गेलेल्या बाईच्या श्राद्धाची तिथी. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर, पाणी उतरून चिखल राहिला होता त्याच्या वरच्या अंगाला, नाना उघड्या अंगाने बसले होते. समोर दर्भ, तीळ, भाताचे पिंड. गुरुजी तरुण होते, त्याच पाठशाळेतले. मी दोन पायऱ्या वर, फॉर्मची पिशवी धरून उभी राहिले.

नानांच्या मांडीवर पोथी होती. एकेका अक्षराखाली बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखे ते वाचत होते. आवाजाला चाल नव्हती. गुरुजींना पुढच्या घरी जायचं होतं. ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "नाना, पोथी कशाला? तुमचं तर सगळं तोंडपाठ आहे."

"म्हणूनच," नाना म्हणाले.

आणि बोट पुन्हा अक्षरावर ठेवलं. एक ओळ वाचायची, थांबायचं, डावीकडे वळून बघायचं, मग पुढची ओळ. डावीकडे रिकामी पायरी होती. गुरुजी समजले नाहीत, त्यांना वाटलं मान आखडली असेल.

एका ओळीनंतर त्यांची मान तशीच वर गेली आणि मी दिसले. ते माझ्याकडे पाहत राहिले. बोट पोथीवर तिथेच होतं. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. एकच शब्द, मागच्या वर्षी मी किती सहज म्हटला होता. पण त्या पोथीत काय लिहिलंय ते मला पायरीवरून दिसत नव्हतं, आणि तोंडातून "पुढे" निघेना.